दमणं आणि गळणं : मनगटावरच्या घड्याळाच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. नौपाडा, ठाणे

आजपासून ही वही. ताईला मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएसचं) निदान होऊन आठ वर्षं झाली. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते, असा हा आजार. वेष्टण गेलं की संदेश रेंगाळतो, अडखळतो, कधी पोचतच नाही. उजवा डोळा अंधूक झाला होता, पायांना मुंग्या येत होत्या, तोल जायचा. ते सगळं तिनं डॉक्टरांना वेळोवेळी नीट सांगितलं. थकवा मात्र आठ वर्षांत तिला सांगता आलेला नाही.

कालही तसंच झालं. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, "थकवा कधी येतो? किती येतो?" ती म्हणाली, "येतो अधूनमधून." बाहेर आल्यावर रिक्षात डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "अगं, तिथे गेले तेव्हा मी बरी होते ना. बरी असताना आठवत नाही, आणि आठवतं तेव्हा बोलवत नाही."

या आजाराच्या चार जणांतल्या तिघांना तरी हा थकवा असतो आणि बरेचजण तोच सगळ्यात जाचक त्रास म्हणून सांगतात. दिसत मात्र काहीच नाही. मी महापेला दिवसभर सेन्सर आणि छोट्या सर्किटांचंच काम करते. ताईच्या मनगटावर घड्याळ बांधून तिचा थकवा कागदावर उतरवता येईल का, हे मला बघायचंय.

९ फेब्रुवारी, रविवार. नेरूळ

फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे दोन तास बसले. माझं अर्धं गणित त्यांनी सुरुवातीलाच दुरुस्त केलं.

पहिली गोष्ट, थकवा मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. १९८९ सालची फटीग सिव्हिअरिटी स्केल, नऊ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. दुसरी एकवीस प्रश्नांची, मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारणारी. दोन्ही उपयोगाच्या, पण आठवणीवर चालणाऱ्या. अपंगत्वाची जी ० ते १० ची कुर्ट्झके श्रेणी न्यूरॉलॉजिस्ट वापरतात, तिच्या मधल्या टप्प्यांवर सगळा भर चालण्यावर. पाचशे मीटर चालून दाखवणारी बाई घरी जाऊन तीन तास उठू शकत नसेल, तर ते त्या आकड्यात उमटत नाही.

दुसरी गोष्ट, थकवा एक नाही. माणसाला जाणवतो तो एक, आणि काम करता करता स्नायूंची किंवा मेंदूची कामगिरी खरोखर घसरते ती दुसरी. दोन्ही एकाच वेळी असतील असं नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी बोट वर करून सांगितली: "सेन्सरच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. मग झोप, मन आणि चालू असलेल्या गोळ्या. एमएसच्या पेशंटचा सगळा थकवा एमएसचा नसतो." ताईचे रिपोर्ट डिसेंबरचेच आहेत आणि ठीक आहेत. झोपेबद्दल तिला फोनवर विचारलं. "झोपते की. दहाला आडवी होते, सहाला उठते."

तिघेजण ठरले. ताई, वय ४३, शाळेत शिक्षिका. ऐरोलीचे काका, ५८, बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले, उजवा पाय कमजोर, डाव्या हातात काठी. आणि कोपरखैरण्याची एक मुलगी, २७ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी निदान झालेली. ती मॅडमची पेशंट. मराठीत संमतिपत्र लिहिलं. कुणाचेही उपचार या प्रकल्पामुळे बदलणार नाहीत. माहिती माझ्या लॅपटॉपच्या बाहेर जाणार नाही. कधीही "नको" म्हणता येईल आणि त्या दिवशी सगळं पुसलं जाईल. दिलेली संमती मागे घ्यायचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. काकांनी ओळ न् ओळ वाचून मगच सही केली. बँकेतली सवय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. जायरोस्कोप (वळण्या-फिरण्याचा वेग मोजणारा भाग) असलेले दोन सेन्सर, छोट्या बॅटऱ्या, वेल्क्रो पट्टे.

घड्याळं खुल्या सॉफ्टवेअरची घेतली आहेत, प्रोग्राम आपला आपण लिहिता येतो. पण मेमरी ८ एमबी. हालचालीचे तीन अक्ष, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ५० वेळा नोंदवले तर दिवसाला जवळजवळ २६ एमबी होतात. सेकंदाला साडेबारा वेळा नोंदवलं तरी साडेसहा. म्हणजे रोज रात्री प्रत्येकाच्या घरी जाऊन घड्याळ रिकामं करायला हवं, आणि ते होणं नाही. म्हणून घड्याळातच दर मिनिटाचा सारांश काढायचा: किती हालचाल, किती पावलं, नाडी, आणि बटण दाबलं का. मिनिटाला १६ बाइट. दिवसाचे २३ केबी. महिनाभर निवांत.

सारांश काढायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे आधीच ठरवावं लागतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात वीसपेक्षा कमी पावलांची हालचाल कूस बदलण्याची समजून टाकायची, असं ठरवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळाला एकच बटण आहे. थकवा आला की दाबायचं, इतकंच ठरलं होतं. ताईनं चार दिवस वापरून परत दिलं.

"यात दोन हवेत."

"कशाला?"

"शाळेतून आले, तीन जिने चढले, की मी दमते. दहा मिनिटं बसले, पाणी प्याले की जातं. ते तुलाही होतं. दुसरं ते गळणं. सकाळी उठतानाच अंगातून कुणी पाणी काढून घेतल्यासारखं. हातात कप धरवत नाही, शब्द सापडत नाही. बसून जात नाही, झोपूनही जात नाही. दोन्हींला एकच बटण दिलंस तर मी काय सांगितलं ते तुला कसं कळणार?"

मी तीन आठवडे इंग्रजी निबंध वाचत होते. तिथे एकाच शब्दाला विशेषणं जोडून जोडून हा फरक करतात. ताईनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन क्रियापदांत केला. आज मराठी भाषा गौरव दिन आहे, शाळेत तिचं भाषण होतं. त्यापेक्षा हे मला मोठं वाटलं.

प्रमाणित प्रश्नावलीचं भाषांतर आम्ही करणार नाही. ते शास्त्रीय पद्धतीनं, तपासूनच करावं लागतं. पण बटण आमचं आहे. एकदा दाबलं की "दमले", दोनदा दाबलं की "गळाले". काकांच्या घड्याळावर "दमलो" आणि "गळालो".

८ मार्च, शनिवार

पहिला पूर्ण आठवडा. ताईची सर्वाधिक पावलं रोज संध्याकाळी साडेसात ते आठ. त्या वेळी ती घराबाहेरच नसते.

पोळ्या. लाटण्याची लय सेकंदाला दीड-दोन हेलकाव्यांची, चालण्याचीही तेवढीच. घड्याळाच्या लेखी ताई रोज ओट्यापाशी अर्धा किलोमीटर चालते.

बांगड्यांचाही प्रश्न आहे. डाव्या मनगटात चार काचेच्या, घड्याळावर आपटतात. साडेबारा वेळा मोजणाऱ्या सेन्सरला सेकंदाला सहाच्या वरची कंपनं खरी दिसत नाहीत, ती खोट्या मंद हालचाली होऊन आत शिरतात. शिवाय बांगड्यांमुळे घड्याळ त्वचेवरून सरकतं आणि नाडी हरवते. हिरवा प्रकाश त्वचेतून जाऊन रक्ताच्या लहरी टिपतो, फट पडली की संपलं. बांगड्या काढ म्हणायचं नाही, हे मी आधीच ठरवलंय. पट्टा वर, मनगटाच्या हाडाच्या मागे दोन बोटं बांधला. बरंच सुधारलं.

१६ मार्च, रविवार

आज उलटी चूक सापडली. जिना चढताना ताई कठड्याला घट्ट धरते. हात हलत नाही, म्हणून तीन मजले घड्याळाच्या हिशेबी शून्य. काकांचं घड्याळ काठीच्या हातात होतं, ते उजव्या हातात बदललं.

म्हणजे कष्टाचं काम मोजलं जात नाही आणि सवयीचं काम दुप्पट मोजलं जातं. पावलांचा आकडा या प्रकल्पातून काढून टाकला. मिनिटाची एकूण हालचाल तेवढी ठेवली.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा. कोपिनेश्वर मंदिरापासून निघणारी स्वागतयात्रा बघायची ताईची फार इच्छा होती. सकाळी साडेसहालाच गेलो, उन्हं तापायच्या आत. कोपऱ्यावर स्टूल नेलं होतं. लेझीम बघताना तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी तसा पाहिला. नऊला घरी. दिवसभर ठीक, श्रीखंड-पुरी, पाहुणे.

आज सकाळी सात वाजता "गळाले". साडेनऊला पुन्हा. मग दिवसभर काही नाही, बटण दाबायचंही त्राण नव्हतं.

संध्याकाळी आलेख उघडला तर कालचा दिवस उंच आणि आजचा अगदी सपाट. झोप ओळखणाऱ्या माझ्या प्रोग्रामनं आजच्या रकान्यात लिहिलं होतं: दिवसा झोप ५ तास १० मिनिटं. ताई एक मिनिट झोपली नव्हती. डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत पडली होती, मी शेजारी होते.

हालचाल नाही म्हणजे झोप, हे गृहीतच मनगटावरच्या झोप-मापनाचं दुखणं आहे. निश्चल पडून जागं असणारा माणूस त्याला ओळखता येत नाही. निरोगी माणसात ही चूक खपून जाते. इथे ती नेमकं दुखतं तिथे खोटं बोलते. सगळ्यात वाईट दिवसाला ती विश्रांती म्हणते. "झोप" हा शब्द आज पडद्यावरून काढला. आता तिथे फक्त "स्थिर वेळ" असेल.

१३ एप्रिल, रविवार. नेरूळ

सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, मॅडमच्या क्लिनिकबाहेरच्या व्हरांड्यात, तीस मीटरच्या दोन खुणांमध्ये ये-जा. जायरोस्कोप दोन्ही बुटांच्या फितींवर बांधले.

काका: पहिली दोन मिनिटं दोन्ही पाय जवळजवळ सारखे. तिसऱ्या मिनिटापासून उजव्या पावलाच्या झोक्याचा वेग उतरायला लागला, पाचव्यात चवडा फरशीला घासल्याच्या खुणा आलेखात स्पष्ट. थांबल्यावर विचारलं, "काका, थकवा?" "छे, ठीक आहे." पाय थकला होता, काकांना कळलं नव्हतं. काका पडतात ते असेच, घरी परतताना शेवटच्या शंभर पावलांत. मॅडमनी त्यांना आजच सांगितलं की लांबचं चालणं तोडून तोडून करायचं, आणि पावलाला आधार देणाऱ्या पट्टीचा विचार करू.

कोपरखैरण्याची मुलगी: सहाही मिनिटं आलेख एकसारखा, सुरेख चाल. बाकावर बसली आणि दोनदा बटण दाबलं. "जिना चढायचा नाही ना ताई आता?" तिनं मला विचारलं, आणि ओठ थरथरत होते.

मॅडमनी फेब्रुवारीत सांगितलेले दोन थकवे आज एकाच बाकावर बसलेले पाहिले. एकाच्या पायात आहे, जाणिवेत नाही. दुसरीच्या जाणिवेत आहे, पायात नाही. मनगटावरचं घड्याळ यातलं एकही धड पकडत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

उकाडा. कोपरखैरण्याच्या मुलीचं "गळाले" दुपारी चार ते सहात दाटतंय.

याला उथॉफचं लक्षण म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये नोंदवलं: व्यायामानंतर रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक व्हायची. पुढे कळलं की कारण उष्णता. मायलिन गेलेल्या नसेत संदेश कसाबसा पुढे सरकत असतो, शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडू शकतो. अंग थंड झालं की परत सुरळीत. नवा हल्ला नसतो, इजा वाढत नाही. एमआरआय नव्हता तेव्हा संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत असत.

ती ऐरोलीला नोकरी करते. कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. चारच स्टेशनं, पण परतीच्या वेळी महिलांच्या डब्यात उभं राहून. मी म्हटलं, सीट मागत जा. ती म्हणाली, "ताई, मी मागितली होती एकदा. एक मावशी म्हणाल्या, या वयात आम्ही डोक्यावर हंडे आणायचो." तिनं पुन्हा मागितलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, पण डब्यातल्या माणसांनी कायदा कशाला वाचलेला असतो. मला त्या मावशींचाही राग येत नाही. त्यांना दिसलं ते त्या बोलल्या.

मनगटाच्या त्वचेचं तापमान म्हणजे शरीराचं तापमान नाही, त्यावर भरवसा ठेवणार नाही. तिच्या बॅगेला तापमान-आर्द्रतेचा छोटा सेन्सर लावला. मॅडमनी ओला पंचा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊन मानेवर ठेवायला सांगितलंय, निघायच्या आधी दहा मिनिटं.

२९ एप्रिल

पंचा उपयोगी पडतोय असं ती म्हणते. बटणंही कमी. आठच दिवस, एकच व्यक्ती. एवढंच लिहिते.

४ मे, रविवार

ताईनं विचारलं, "यावर गोळी का नाही गं?" तिला २०२१ चा निष्कर्ष सांगितला. अमॅन्टाडिन, मोडाफिनिल आणि मिथिलफेनिडेट, थकव्यासाठी वर्षानुवर्षं लिहून दिली जाणारी तीन औषधं. १४१ रुग्णांना आळीपाळीनं ती आणि औषध नसलेली साधी गोळी देऊन तपासलं. साध्या गोळीपेक्षा एकही सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे व्यायाम आणि दिवसाची आखणी, मॅडम सांगतात तेच." हो, तेच.

११ मे, रविवार

हे लिहायला जड जातंय.

गेले दोन आठवडे मी एक आकडा बनवत होते. हालचाल, नाडी, स्थिर वेळ, आदल्या दिवसाचं ऊन, सगळं मिसळून सकाळी ० ते १०० मधला एक आकडा: आज अंगात किती शक्ती आहे. जुन्या नोंदींवर छान जुळत होता. जुळणारच, त्याच नोंदींवरून बनवला होता. गुरुवारी तो ताईच्या घड्याळावर टाकला.

काल सकाळी सहाला ती उठली तेव्हा तिला बरं वाटत होतं. घड्याळावर ३४ होता. मैत्रिणींबरोबर उपवन तलावावर जायचं ठरलं होतं, महिन्याभरापासून. तिनं फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि पडून राहिली. दुपारी मी गेले तेव्हा म्हणाली, "काही झालं नाही गं. उगाचच थांबले. पण तू बनवलायस म्हटल्यावर बरोबर असेल असं वाटलं."

रात्री आकडा काढून टाकला. तिघांच्याही घड्याळातून, आणि माझ्या लॅपटॉपवरूनही. आठ वर्षं ज्या बाईला लोक "तुला काही झालेलं दिसत नाही" म्हणत आले, तिला मी एक यंत्र दिलं की जे तिचं स्वतःचं म्हणणंही खोडून काढेल. पुन्हा करणार नाही. घड्याळानं तिला काही सांगायचं नाही. तिनं जे सांगितलं त्याच्या शेजारी त्या वेळची परिस्थिती मांडायची, बस.

२६ मे, सोमवार

पाऊस आज मुंबईत अधिकृतपणे आला, नेहमीच्या ११ जूनच्या कितीतरी आधी. महिनाभर असाही पावसाळीच गेला. उन्हाळ्याच्या नोंदी अर्ध्यातच राहिल्या. मुलगी मात्र खूश आहे.

३० मे, शुक्रवार

जागतिक एमएस दिन. एका पानाचा कागद तयार झाला. चौदा दिवस, चौदा आडव्या पट्ट्या, मध्यरात्र ते मध्यरात्र. हालचाल राखाडी रंगात, स्थिर वेळ पांढरी, "दमले" पोकळ ठिपका, "गळाले" भरीव ठिपका, वर तापमान. आकडा नाही, सरासरी नाही. खाली दोन ओळी कोऱ्या, ज्याच्या त्याच्या हातानं लिहायला.

पट्ट्या काढताना फेब्रुवारीत घातलेली ती रात्रीची चाळणी आठवली, वीसपेक्षा कमी पावलं टाकून देणारी. पावलंच काढून टाकली आहेत तर चाळणी कशाला, म्हणून काल रात्री तीही काढली होती. एकाच रात्रीची नोंद आहे, तरी ताईच्या पट्टीच्या पांढऱ्या भागात चार बारीक रेघा आल्यात. बटण सैल झालं असेल किंवा पट्टा. चौदा दिवस तसंच राहू देते.

१५ जून, रविवार

रेघा रोज आहेत. रात्री सव्वाबारा, दोन, साडेतीन, पाच. कधी तीन, कधी पाच. कूस बदलणं नव्हे, उठून चालणं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि परत, चौदा-पंधरा पावलं. माझ्या वीसच्या खाली. मी तीन महिने त्या रोज पुसत होते.

ताईला विचारलं नाही. कागद तसाच छापला.

१८ जून, बुधवार

ओपीडी. डॉक्टरांनी कागद हातात घेतला, ठिपके बघितले, मग बोट सरळ पांढऱ्या भागावर ठेवलं. "रात्री हे काय?"

ताई माझ्याकडे बघायला लागली. मग खाली बघून म्हणाली, "लघवीला उठते."

"किती वर्षं?"

"तीन-चार असतील. वयामुळे असेल म्हणून बोलले नाही. तुम्ही झोपेचं विचारलं होतं, लघवीचं नाही."

एमएसमध्ये मूत्राशयाच्या नसांवर परिणाम होणं नेहमीचं आहे, आणि त्यावर उपचार आहेत, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. लघवीची तपासणी आणि लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरतं ते बघणारी सोनोग्राफी लिहून दिली. संध्याकाळी सहानंतर चहा बंद. सगळा थकवा त्यानं जाणार नाही, पण चार वेळा तुटलेली झोप आधी जोडू, म्हणाले. कागद त्यांनी फाइलला लावून घेतला. तपासणी आज पंचवीस मिनिटं चालली.

परतताना रिक्षात ताईनं डोळे मिटले नव्हते. तलावपाळीपाशी म्हणाली, "त्या मुलीलाही विचार. आणि काकांना तू नको विचारूस, मॅडमना विचारू दे."

२१ जून, शनिवार

मॅडमना फोन केला. काकांच्या जुन्या नोंदी मिनिटाच्या सारांशातून परत काढता येत नाहीत, चाळणीनं टाकलेलं गेलंच. नव्यानं चौदा रात्री घ्यायच्या. पावसात पट्ट्याखाली घाम आणि पाणी साचून मुलीच्या मनगटावर पुरळ आलंय, तिला चार दिवस सुट्टी. कापडी पट्टे उद्या गोखले रोडच्या शिंप्याकडे शिवायला टाकते, तीन घड्याळांना सहा.